वाड्याचं मागचं दार

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत चित्रपट-रसग्रहणाचे वर्ग घेताना जुन्या काळावरच्या कौटुंबिक चित्रपटांची टिपणं लिहून घेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. वर्गात बसणारी मुलंमुली तालुक्याच्या आणि आसपासच्या भागातून येतात. कुणी कापूस पिकवणाऱ्या घरातलं, कुणी राजूरच्या खाण कामगाराच्या घरातलं, कुणी झरी-मारेगावकडच्या कोलाम वस्तीतलं, म्हणजे पोडावरचं, कुणाच्या घरी अजून आजी तेलुगू बोलते. यांच्यासमोर नऊवारी, पगडी, समई आणि माजघर असलेला चित्रपट लावला की एक प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही : या घरात कोण आहे आणि कोण नाही? बहुतेक टिपणं या प्रश्नाचं उत्तर मोजून देतात. इतक्या बायका, इतके पुरुष, अमुक जातीचं एक पात्र, मुसलमान एक किंवा शून्य. ही मोजणी करावी, तिच्यातून काही गोष्टी लख्ख दिसतात. पण या कामात वारंवार एकच अनुभव येत राहिला आणि त्यातून माझं मत पक्कं झालं. जुन्या काळच्या घराचा चित्रपट तपासताना त्या घराचा भार कोण उचलत होतं, हे आधी पाहावं. कुटुंब हे नात्यांचं असतं तसंच ते धान्याचं, पाण्याचं, सरपणाचं, शेणामुताचं आणि उसनवारीचंही असतं. हा दुसरा भाग पडद्यावरून पुसला गेला, तर त्या कुटुंबाचं चित्रही खोटं ठरतं. वगळलेल्या माणसांवर अन्याय होतो, आणि ज्यांची गोष्ट सांगायची तेही अर्धवटच कळतात.

मोजणीची पद्धत जगभर रुजली, त्याला कारणं आहेत. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेकडेल यांनी १९८५ मध्ये एका चित्रमालिकेत साधी कसोटी मांडली : चित्रपटात दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. गाजलेले कितीतरी चित्रपट या कसोटीवर नापास झाले आणि लोक चमकले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२० मध्ये प्रतिनिधित्वाचे चार निकष जाहीर केले. २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत उतरायचं तर त्यांतले किमान दोन पूर्ण करावे लागतात. ते पडद्यावरच्या पात्रांपुरते नाहीत. कॅमेऱ्यामागचे लोक, उमेदवारीच्या संधी आणि प्रसिद्धी करणारी मंडळीही त्यांत येतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. तरी जुन्या काळातल्या घराच्या चित्रपटाला ही चाळणी अपुरी पडते. पाणी भरणाऱ्या बाईला नाव दिलं, दोन वाक्यं दिली, की हजेरी लागते. पण ती पाणी कुठून आणते, तिने भरलेलं पाणी कुणाला चालतं, ते कुठपर्यंत आत येतं आणि ती स्वतः कुठे थांबते, याचं उत्तर हजेरीपटात सापडत नाही.

‘श्यामची आई’ हे मराठीतलं सर्वांत परिचित उदाहरण. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये कृष्णधवल रंगांत केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच घराची गोष्ट देशाने दोनदा गौरवली, म्हणून तिच्यावर बारकाईने बोलायला हवं. हे घर कोकणातल्या पालगडचं, खोताचं. उतरती कळा लागलेलं, कर्जात बुडत चाललेलं, पण मुळात सारा वसूल करणाऱ्या घराण्यातलं. पुस्तक वाचताना लक्षात येतं की गुरुजींनी मागचं दार बंद ठेवलेलं नाही. मथुरी नावाची कांडण करणारी बाई तिथे नावानिशी आहे, तिच्या नावाचं प्रकरणच आहे. अस्पृश्य मानलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामला पाठवते, तो प्रसंग आहे. मोजणीच्या हिशेबाने हे पुस्तक त्याच्या काळाच्या पुढे ठरतं, आणि ते तसं आहेही.

तरीही इथे थांबून विचारावं लागतं की तो प्रसंग कुणाचा आहे. मोळीचा प्रसंग आईच्या करुणेचा आणि श्यामच्या संस्काराचा आहे. म्हातारी त्यात निमित्तमात्र. ती रानात कधी गेली, मोळीला काय मिळायचं, तिच्या घरी चूल कोण पेटवत होतं, हे कळत नाही. आठवणी सांगणारा श्याम आहे, तेव्हा पुस्तकाची ही मर्यादा स्वाभाविक आहे आणि मी ती दोष मानत नाही. पडद्याला मात्र ही सबब पुरत नाही. कॅमेरा श्यामच्या डोळ्यांशी बांधलेला नसतो. आई अंगणात एकटी असतानाही तो तिथे असतो. मग म्हातारी मोळी घेऊन वळणावरून दिसेनाशी झाली की तोही आईकडेच का वळतो? खोताचं घर का बुडतं आहे हे सांगताना खोती म्हणजे काय, कुळं कोण, त्यांच्याकडून काय वसूल व्हायचं, हे प्रेक्षकाला कळायला नको का? खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, म्हणजे पुस्तक लिहिलं गेल्यावर चारच वर्षांनी. त्या काळच्या कोकणाचा तो जळता प्रश्न होता. आईचं मोठेपण या माहितीने कमी होत नाही. ज्या व्यवस्थेच्या आत राहून ती मुलाला माणुसकी शिकवत होती, तिचं वजन कळल्यावर ते वाढतं. स्वतः साने गुरुजी मोळीच्या प्रसंगावर थांबले नाहीत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं. लेखकाने आपल्या आठवणीचा अर्थ स्वतःच्या आयुष्यात इतका पुढे नेला असताना चित्रपटांनी तो अंगणातच ठेवावा, याचं मला वाईट वाटतं.

पहिला आक्षेप नेहमी इतिहासाच्या बाजूने येतो. त्या काळी तसंच होतं, सोवळं होतं, बाहेरची माणसं घरात येत नसत; आजच्या आग्रहापायी त्यांना आत आणणं म्हणजे भूतकाळ खोटा करणं, असं म्हटलं जातं. खोटा भूतकाळ मलाही नको आहे. पेशवाईतल्या पंगतीत सगळ्या जाती मांडीला मांडी लावून बसलेल्या दाखवल्या तर तो त्या पंगतीबाहेर उभं ठेवलेल्यांचा दुहेरी अपमान होईल. पण या आक्षेपात एक गृहीत लपलेलं आहे : भूतकाळ आपल्या आठवणीइतकाच एकसुरी होता. कागदपत्रं आणि छायाचित्रं वेगळं सांगतात. ‘आनंदी गोपाळ’ या समीर विद्वांस यांच्या २०१९ च्या चित्रपटाने ज्यांची कथा घरोघरी पोचवली, त्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तिथलं १८८५ चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशीच्या वेशात बसल्या आहेत. पटकथेत कुणी ही जुळणी कल्पून लिहिली असती तर तिच्यावर ओढूनताणून विविधता आणल्याचा ठपका बसला असता.

वणीचंच पाहा. हे आज तालुक्याचं गाव असलं तरी इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणी जिल्हाच म्हणत. लोकनायक बापूजी अणे इथेच १८८० मध्ये जन्मले. वणी ज्यात येतं ते वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, पण निजामाची मालकी कागदावर राहिली. त्यामुळे जुन्या व्यवहारात मोडी आणि फार्सी-उर्दू वळणाचे शब्द शेजारी शेजारी सापडतात. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधला हा टापू, खाली तेलुगू मुलूख, जंगलात गोंड आणि कोलाम. बाजारात मारवाडी आडत्या, मुसलमान आतार, कासार, धनगर. त्या काळातल्या वणीच्या एखाद्या घरावर चित्रपट करायचा तर दिवसभरात त्या घराच्या ओसरीवर किती भाषा ऐकू येतील, हा प्रश्न निव्वळ अचूकतेचा आहे. मध आणि डिंक विकायला आलेला कोलाम ओसरीवर कोलामीत काही पुटपुटला आणि मालकाला ते कळलं नाही, तर एवढ्यातच त्या घराचं जगाशी असलेलं नातं दिसेल. वर्गातल्या पोडावरच्या मुलांना हे पटवून द्यावं लागत नाही. त्यांच्या आजोबांचा वाड्याशी संबंध होता हे त्यांना माहीत असतं. वाड्याच्या चित्रपटांना ते माहीत नसतं.

घर आणि घराबाहेरचा हिशेब यांचं नातं किती लांबवर जातं, ते एका परदेशी कुटुंबकथेवरून सांगते. लुइझा ऑलकॉट यांची ‘लिटल विमेन’ शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’मुळे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ च्या चित्रपटाने ती पुन्हा चर्चेत आणली आणि तिच्यावर प्रतिनिधित्वाचा वादही झाला. कथेचा काळ अमेरिकी यादवी युद्धाचा, १८६१ ते १८६५. मुलींचे वडील सैन्यासोबत धर्मोपदेशक म्हणून गेलेले. युद्ध गुलामगिरीवरून चाललेलं, ऑलकॉट यांचं घर गुलामगिरीच्या कट्टर विरोधात. आणि तरी कथेच्या दिवाणखान्यात गुलामगिरी शिरतच नाही. गर्विग यांच्या चित्रपटात आईच्या मदतकार्यात एक कृष्णवर्णीय स्त्री थोडा वेळ दिसते, इतकंच. ही चर्चा वणीला दूरची वाटेल, पण ती तशी नाही. त्याच युद्धात दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली, गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्लंडने वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा खेळू लागला, रेल्वे वऱ्हाडातून नागपूरकडे सरकली. युद्ध संपताच, १८६५ मध्ये, भाव कोसळले. वऱ्हाडात कापसाच्या पैशावर उभी राहिलेली घरं या चढउताराची लेकरं आहेत. त्या चौघी बहिणींच्या घरातला विणकामाचा दोरा आणि आपल्याकडच्या वाड्यातली बंगई एकाच बाजाराने जोडलेली आहे, आणि दोन्ही ठिकाणी कापूस वेचणारे हात चौकटीबाहेर आहेत.

वाडा म्हटल्यावर या जिल्ह्यात एकच नाव आधी येतं. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी १९८५ मध्ये रंगभूमीवर आणलं. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांच्यासह ही त्रिधारा चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये सलग सादर केली. हे नाटक आहे, चित्रपट नाही. तरी जुन्या कुटुंबाची गोष्ट कशी सांगावी हे शिकवण्यासाठी मला मराठीत याहून चांगला पाठ सापडलेला नाही. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा ढासळतो आहे, अंगणात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे, आणि घरातली राबणूक धाकट्या चंदूच्या अंगावर पडली आहे. एकेकाळी गडीमाणसं करत ते काम आता घरचाच मुलगा निमूटपणे करतो. शिकायची उमेद असलेली प्रभा वाड्याच्या प्रतिष्ठेपायी कोमेजते. गडी रंगमंचावर नाहीत, पण त्यांच्या नसण्याने घर कसं लंगडतं ते प्रत्येक प्रसंगात जाणवतं. शिवाय घरची माणसं वऱ्हाडी बोलतात आणि मुंबईहून आलेल्या सुनेची भाषा वेगळी पडते, त्या फटीतून अंतरं ऐकू येतात. इथे माझा मुद्दा सगळ्यांत स्पष्ट होतो. प्रतिनिधित्वाला नेहमी जास्तीची पात्रं लागत नाहीत. घर कशावर उभं होतं याची जाण लेखकाला असली, तर गैरहजर माणसाचंही वजन जाणवतं.

पडद्यावर मात्र आमच्या भागाला भूतकाळ जवळजवळ मिळालेलाच नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने २००९ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याचं घर, त्याची भाषा आणि बायकोच्या पोटातली भीती फार समजुतीने दाखवली. मी तो चित्रपट पुन्हा पुन्हा लावते. पण यवतमाळ पडद्यावर येतं ते बहुधा असंच, आजच्या आपत्तीचा जिल्हा म्हणून. पुण्याला, कोकणाला आजी-पणजीचा काळ मिळतो, हळदीकुंकू आणि पत्रव्यवहार मिळतो. आम्हाला आत्महत्येची बातमी मिळते. ज्या प्रदेशाला फक्त संकट दाखवलं जातं, त्याच्या संकटाची मुळंही दिसत नाहीत. १८६५ ला कोसळलेला भाव, सावकाराची वही, १८९९-१९०० चा दुष्काळ यांतलं काही पाहिलेलंच नसेल, तर आजचा शेतकरी प्रेक्षकाला फक्त दुर्दैवी वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि लिहिणाऱ्यांकडून येतो. एका कुटुंबाची गोष्ट सांगताना सगळं गाव कसं कोंबायचं? दोन तासांत आईमुलाचं नातं उभं करायचं की वतनदारीचा इतिहास सांगायचा? गाव कोंबू नये, हे मला मान्य आहे. पण जागेची अडचण खरी असती तर तिथे अलंकारिक दृश्यांनाही जागा मिळाली नसती. दिवे लावण्याचं, फुलं खुडण्याचं, पैठणी नेसण्याचं दृश्य सावकाश, संगीतासह येतं. त्यातल्या एका दृश्याची जागा धुण्याच्या दगडाला दिली तर गोष्ट पातळ होत नाही. व्ही. शांतारामांच्या १९४१ च्या ‘शेजारी’त दोन घरं, एक हिंदू आणि एक मुसलमान, सारख्याच आपुलकीने दाखवली आहेत. मैत्री तुटते तेव्हा दोन्ही घरांचा सूनेपणा कळतो, कारण कॅमेरा दोन्ही उंबरठ्यांच्या आत गेलेला असतो. तो चित्रपट गर्दीचा वाटत नाही. दुसरं घर आतून दाखवल्यामुळे पहिल्याला खोली आली आहे.

आणखी एक म्हणणं असं की ज्यांची घरं दिसली नाहीत त्यांचे वेगळे चित्रपट करा, वाड्यांवरचे चित्रपट आहेत तसे राहू द्या. वेगळे चित्रपट हवेतच. फुले दांपत्यावरचा ‘सत्यशोधक’ २०२४ मध्ये आला, आणि त्याआधी अत्र्यांनीच ‘महात्मा फुले’ केला होता. पण हे थोरांचे चरित्रपट आहेत. साध्या घराचा जुना काळ, त्यातली लग्नं, बाळंतपणं, रुसवेफुगवे यांचं नाट्य अजून वाड्याच्याच मालकीचं आहे. साहित्यात तसं नाही. दया पवारांचं ‘बलुतं’, बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’, नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ या पुस्तकांत पिढ्यांची कुटुंबकथा भरून आहे. सासवा-सुना आहेत, देवघर आहे, थट्टा आहे, स्थलांतर आहे. पटकथेला यापेक्षा श्रीमंत सामग्री कुठली मिळणार? शिवाय दोन वेगळ्या रांगा लावून प्रश्न सुटत नाही. ‘बलुतं’मधलं घर आणि वाडा एकाच गावात होते, एकाच विहिरीच्या वादात होते. दोन्ही चित्रपट स्वतंत्रपणे झाले आणि एकातही दुसऱ्याचं दार दिसलं नाही, तर नव्या पिढीला दोन वेगवेगळी गावं दिसतील.

प्रतिनिधित्वाचे असे निकष सरकारी अनुदानाच्या अर्जात घालावेत, अशी सूचना वर्गात अनेकदा येते. राज्य शासन मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं, तेव्हा ती अव्यवहार्य नाही. तरी मी तिच्या बाजूने नाही. अट आली की तिच्यापुरती पात्रं येतील, आणि मग परीक्षण करणाऱ्याला बोलायला जागा उरणार नाही. कॅमेऱ्यामागे कोण आहे, संवाद कुणी लिहिले, बोली कुणी तपासली, यासाठी मात्र अट असायला माझी हरकत नाही. ते काम मोजता येतं आणि त्याने पटकथेचा गळा आवळला जात नाही. घराच्या भाराचा प्रश्न पटकथा लिहिली जात असतानाच विचारावा लागतो, आणि वऱ्हाडापुरतं बोलायचं तर त्याची उत्तरं अजून जिवंत माणसांकडे आहेत. सालगडी म्हणून राबलेली म्हातारी माणसं या तालुक्यात गावोगाव आहेत. गुढीपाडव्याला साल कसं ठरायचं, त्यात ज्वारी किती आणि रोख किती, पोळ्याला बोजारा काय मिळायचा, आजारपणाचे दिवस साल भरताना कसे धरले जायचे, हे त्यांना तोंडपाठ आहे. कापूस वेचलेल्या बायांना पहिल्या वेचणीची सीतादही आठवते, मजुरी तोलताना काट्यापाशी कोण उभं असायचं तेही आठवतं. वर्गातली मुलं आता टिपणांच्या जोडीला हे लिहून आणतात. एकाच वाड्याबद्दल मालकाच्या नातवाने लिहिलेलं आणि गड्याच्या नातीने लिहिलेलं शेजारी ठेवलं, की तारखा जुळतात, सणवार जुळतात, विहीर तीच असते. मजुरीचे आकडे जुळत नाहीत. वऱ्हाडातल्या वाड्यावर चित्रपट लिहू पाहणाऱ्याने सुरुवात त्या न जुळणाऱ्या आकड्यांपासून करावी.